पोट उचललं, शेपूट कापलं

गाडी घेताना आपण काय काय बघतो? रंग बघतो, मायलेज विचारतो, हप्ता किती बसेल ते मोजतो. सोबत कुणी जाणकार असला तर तो बॉनेट उघडतो, इंजिनाकडे बघून मान डोलावतो आणि बॉनेट बंद करतो. त्याच बॉनेटखाली पोस्टकार्डाएवढा एक कागद चिकटवलेला असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत तो असलाच पाहिजे असा कायदा आहे. तो कुणी वाचत नाही. आमच्या घरात तो पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा उशीर झाला होता.

२००६ सालची गोष्ट. माझा भाचा नोकरी लागून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमच्याजवळ राहायला आला होता. मित्राच्या लग्नाला डॅलसला गेला आणि तिथे एका विक्रेत्याकडे त्याला जवळजवळ कोरी गाडी दिसली. जेमतेम तीन हजार मैल फिरलेली, आणि आमच्याकडच्या भावापेक्षा बरीच स्वस्त. घेतली. दोन दिवस चालवत घरी आणली. ताईने फोनवर बजावलं म्हणून चाकाखाली लिंबू ठेवलं. सोमवारी नोंदणीला गेला. तपासनिसाने बॉनेट उघडायला लावलं, तो कागद वाचला आणि अर्ज परत दिला.

संध्याकाळी ओट्याला टेकून तो विचारत होता, "मावशी, गाडी चालते. पैसे भरलेत. विमा काढलाय. मग अडलं कुठे?"

अडलं होतं कागदावरच्या एका ओळीत. गाडी केंद्र सरकारच्या धुराच्या नियमात बसत होती. कॅलिफोर्नियाच्या नियमात बसते असं तिच्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. इथे ७,५०० मैलांपेक्षा कमी फिरलेली गाडी नवी धरतात, आणि परराज्यातून आणलेली नवी गाडी कॅलिफोर्नियाच्या नियमांना उतरलेली नसेल तर इथल्या रहिवाशाला तिची नोंदणी मिळत नाही. काही अपवाद आहेत, त्यांत तो बसत नव्हता. अशा गाडीला इथे 'एकोणपन्नास राज्यांची गाडी' म्हणतात. पन्नासावं राज्य आमचं. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि भाच्याने विचारलं नव्हतं. शेवटी ती गाडी परराज्यात तोट्यात विकावी लागली.

त्या दिवशी मला नियमाचा संताप आला होता. पुढे मी तो नियम समजून घेतला, आणि संताप उतरून भलत्याच ठिकाणी जाऊन बसला. आज तो तिथेच आहे. कुठे, ते सांगते.

•

जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं असं काही दाट मळभ उतरलं की जपानने विषारी वायू सोडला अशी शहरात आवई उठली. मग संशय एका रबराच्या कारखान्यावर गेला. तो बंद करून पाहिला. मळभ हटलं नाही.

उत्तर सापडायला जवळजवळ दहा वर्षं गेली. शेजारच्या पॅसाडेनात कॅल्टेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाचा वास कुठल्या द्रव्यांनी येतो याचा अभ्यास करत होते. त्याच पद्धतीने त्यांनी शहराची हवा तपासली. गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी न जळलेली हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून ओझोन होतो, हे त्यांनी सिद्ध केलं. त्या हवेत वाकवून ठेवलेल्या रबराला तडे जायचे. जी हवा रबर फाडते ती लहान मुलाच्या छातीत काय करत असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

कॅलिफोर्नियाने १९६६ साली देशात पहिल्यांदा गाडीच्या नळीतून निघणाऱ्या धुरावर मर्यादा घातली. केंद्र नंतर आलं. म्हणून १९६७ च्या केंद्रीय कायद्यात कॅलिफोर्नियाला एकट्याला सवलत मिळाली: केंद्रापेक्षा कडक नियम करा, फक्त आमची परवानगी घ्या. १९७० चा शुद्ध हवा कायदा आला तेव्हाही ती सवलत टिकली. १९७७ मध्ये इतर राज्यांनाही मोकळीक मिळाली, पण निवड दोनांतूनच: केंद्राची वही वापरा नाहीतर कॅलिफोर्नियाची. तिसरी वही कुणी काढायची नाही. कारखानदाराला पन्नास प्रकारच्या गाड्या बनवाव्या लागू नयेत आणि राज्याला आपल्या मुलांचा श्वास राखता यावा, असा तो सौदा होता. भाच्याची गाडी अडली ती या सौद्यापायी. आज मला तो सौदा शहाणपणाचा वाटतो.

•

आता कागदावरची भाषा. ती घाबरवते, पण तिच्यात समजायला अवघड असं काही नाही.

केंद्राचे नियम टप्प्याटप्प्याने आले. टप्प्याला ते 'टिअर' म्हणतात. तिसरा टिअर २०१७ च्या मॉडेलांपासून लागू झाला. या टिअरमध्ये खण आहेत. त्यांना 'बिन' म्हणतात. बिन १६०, १२५, ७०, ५०, ३०, २० आणि शून्य. खणाचं नाव म्हणजेच मर्यादा: एक मैल चालताना नळीतून जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम सेंद्रिय वायू आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मिळून बाहेर पडू शकतात, तो आकडा.

कॅलिफोर्नियाच्या वहीत आकडे हेच आहेत, पण त्यांच्या आधी विशेषणं लागतात. 'लेव्ह १६०', म्हणजे कमी धुराची. 'यूलेव्ह १२५', ७० आणि ५०, म्हणजे अतिकमी धुराची. 'सुलेव्ह ३०' आणि २०, म्हणजे त्याहूनही अतिकमी. या सगळ्यांत जास्तीत जास्त धूर सोडायची मुभा कुणाला? जिच्या नावातच 'कमी धुराची' असं लिहिलंय, तिला.

हिशेब मांडून बघू. वर्षाला १२,००० मैल धरा. १६० च्या खणातली गाडी वर्षाला १ किलो ९२० ग्रॅमपर्यंत ओकू शकते. २० च्या खणातली २४० ग्रॅम. आठपट फरक. दोन्ही कायदेशीर, दोन्ही एकाच शोरूममध्ये, दोन्ही 'कमी'. म्हणून माझं सांगणं आहे, विशेषण वाचू नका. आकडा वाचा.

कंपनी यावर म्हणते, आम्ही सरासरी पाळतो. ते खरंच आहे. एका वर्षात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी २०२५ पर्यंत ३० वर आणायची, असाच तिसरा टिअर सांगतो. पण सरासरी कंपनीच्या दप्तरात राहते. आपल्या गल्लीत राहते ती एक गाडी, तिच्या एका आकड्यासकट.

एका जुन्या नावाची आठवण काढलीच पाहिजे. 'पीझेव्ह', म्हणजे अंशतः शून्य धुराची. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला शून्याचं नाव द्यायचं ही पळवाट होती आणि ती मला पटलेली नाही. पण त्या नावामागे एक ठोस गोष्ट होती: कॅलिफोर्नियाची वही मानणाऱ्या राज्यांत अशा गाडीच्या धूरनियंत्रणाच्या भागांना १५ वर्षांची किंवा दीड लाख मैलांची हमी मिळायची. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांनी या गाड्या घेतल्या आणि ती हमी आपल्याकडे आहे हे माहीत नसल्यामुळे दुरुस्तीचे पैसे खिशातून भरले. केंद्राच्या नियमानेही साध्या गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ८ वर्षांची किंवा ८०,००० मैलांची हमी असते. कागद न वाचण्याची किंमत छातीत मोजावी लागते, तशी डॉलरमध्येही मोजावी लागते.

•

आकडा येतो कुठून? डेट्रॉइटजवळ नोव्हीत माझी एक मैत्रीण राहते. तिचं सगळं करिअर इंजिनांच्या कॅलिब्रेशनमध्ये गेलं. तिने मला सांगितलं ते असं.

गाडी आदल्या रात्रीच चाचणीच्या खोलीत आणून ठेवतात. किमान बारा तास ती तशीच उभी, म्हणजे इंजिन पुरतं थंड. सकाळी ती रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. चालकासमोर पडद्यावर एक रेघ सरकत असते: आता वेग वाढवा, आता थांबा, आता पुन्हा निघा. त्या रेघेपासून ताशी दोन मैलांपेक्षा जास्त सरकायचं नाही. ती रेघ म्हणजे लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरची एक जुनी फेरी आहे, साडेसात मैलांची, सुमारे तेवीस मिनिटांची. नळीतून निघालेली हवा पिशव्यांत भरतात आणि मोजतात. सरकारची स्वतःची प्रयोगशाळा मिशिगनमध्येच, ॲन आर्बरला आहे.

थंड इंजिनाचा एवढा आग्रह का? कारण कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो. हा थर तापल्याशिवाय काम करत नाही. आजच्या चांगल्या गाडीचा बराचसा विषारी धूर निघतो तो पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत. पुढचे वीस मैल ती जवळजवळ स्वच्छ धावते.

हे कळल्यापासून मी अर्ध्या मैलावरच्या वाण्याकडे गाडीने जाणं सोडलं. एवढ्याशा अंतरात कन्व्हर्टर धड तापतही नाही. मुलांना कोपऱ्यावरच्या शाळेत सोडणारी गाडी आपला सगळ्यात घाण धूर शाळेच्या वाटेवरच सांडते. चार छोट्या फेऱ्यांची एक मोठी फेरी करा. यासाठी कुठलाही नवा कायदा लागत नाही.

•

आता माझा राग जिथे जाऊन बसला त्या जागेकडे येते. ती जागा म्हणजे व्याख्या.

१९७५ मध्ये, तेलाच्या टंचाईनंतर, अमेरिकेने गाड्यांच्या मायलेजची सक्ती केली. प्रवासी मोटारींनी १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैल द्यायचे. 'हलक्या ट्रक'साठी वेगळी आणि सोपी मर्यादा ठेवली. कारण रास्त होतं. शेतकऱ्याला चारा न्यायचा असतो, प्लंबरला पाइप न्यायचे असतात. त्यांच्या पोटावर पाय येऊ नये.

पण ट्रक कशाला म्हणायचं हे नियमात लिहावं लागतं. आणि जे लिहिलेलं असतं त्याच्या बरहुकूम गाडी घडवता येते.

पहिली मिनीव्हॅन आली. तीत शाळेची मुलं बसली, आणि कागदावर ती हलका ट्रक झाली. मागून एसयूव्ही आल्या. २००० साली क्रायस्लरची पीटी क्रूझर आली, एक छोटी, गोलसर गाडी. तिच्या मागच्या सीट काढल्या की सपाट जागा मिळते, म्हणून तीही ट्रक. २००५ च्या मॉडेलात सुबारूने आउटबॅकचं पोट जमिनीपासून थोडं वर उचललं, आणि काल मोटार असलेली गाडी आज ट्रक झाली. ती फॅमिली गाडीच होती आणि फॅमिली गाडीच राहिली. तिच्यात कुणी चारा भरला नाही.

आजचा नियमही असाच आहे. चारही चाकांना जोर असेल, आणि पुढचा कोन २८ अंश, मागचा २०, मधला १४, पोट जमिनीपासून २० सेंटिमीटर, आस १८ सेंटिमीटर, या पाचांपैकी चार मापं जुळली, तर गाडी ट्रक. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, तोंडवळा तोच, इंजिन तेच. दोन चाकांना जोर असलेली मोटार आणि चार चाकांना जोर असलेली ट्रक. बॉनेटखालचा कागद वाचला की कळतं. त्यावर सरळ लिहिलेलं असतं: ही अमुक वर्षाची नवी 'लाइट-ड्यूटी ट्रक' आहे. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना मी त्यांच्या गाडीवरचं हे वाक्य दाखवलं. ते दर गुरुवारी त्याच गाडीने मंदिरात जातात. आपण ट्रक चालवतो हे त्यांना दहा वर्षांनी कळलं.

करातही तेच. १९७८ च्या कायद्याने फार तेल पिणाऱ्या गाडीवर खास कर बसवला. तो फक्त मोटारींना लागतो. एसयूव्ही, पिकअप, मिनीव्हॅन त्यातून सुटतात. म्हणजे गाडी जितकी मोठी होऊन ट्रकच्या खणात जाईल, तितकी तिची सुटका पक्की. १९७५ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत ट्रकच्या वर्गातल्या पाचांत एक होत्या. आज त्या निम्म्याहून बऱ्याच जास्त आहेत. लोकांची आवड बदलली हे खरं, पण त्या आवडीला खतपाणी व्याख्येने घातलं.

यातलं एक दार बंदही झालं आहे, आणि ज्यांनी ते केलं त्यांना श्रेय दिलंच पाहिजे. डिसेंबर १९९९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने दुसरा टिअर जाहीर केला. विषारी धुरापुरता मोटार आणि ट्रक हा भेद त्याने मिटवला. २००४ च्या मॉडेलांपासून सुरुवात, २००९ पर्यंत सगळ्या. मोटार असो, मिनीव्हॅन असो, मोठी एसयूव्ही असो, खण तेच आणि सरासरी तीच.  आजची नवी गाडी १९७० च्या गाडीच्या मानाने नेहमीच्या विषारी धुराबाबत सुमारे ९९ टक्के स्वच्छ आहे, असं तीच संस्था सांगते. अशी सुधारणा गाडी बनवणाऱ्याच्या मर्जीने झाली नसती. ती नियमाने झाली.

मायलेज आणि कार्बनच्या हिशेबात मात्र ते दार उघडंच राहिलं. तिथे मोटार वेगळी आणि ट्रक वेगळा, असंच चालत राहिलं.

•

व्याख्या वाकवता येते, तशी चाचणीही.

२००९ च्या मॉडेलची एक जर्मन डिझेल गाडी, फोक्सवॅगन जेट्टा टीडीआय, अमेरिकेत वर्षातली 'हरित गाडी' ठरली. सरकारने ती घेणाऱ्याला १,३०० डॉलरची करसवलत दिली. कागदावर ती दुसऱ्या टिअरच्या चांगल्या खणात होती.

पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॅन कार्डर यांच्या गटाने एक साधी गोष्ट केली. गाडी रोलरवरून रस्त्यावर आणली. अरविंद तिरुवेंगडम, हेमंत कप्पन्ना आणि मार्क बेश या तरुण संशोधकांनी धूर मोजायची यंत्रं डिकीत भरली, त्यांना वीज पुरवायला जनरेटर लावला आणि कॅलिफोर्नियाचे रस्ते पालथे घातले. एक गाडी तर सिॲटलपर्यंत नेली. जेट्टा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइडं सोडत होती. त्याच कंपनीची पसाट ५ ते २० पट.

गाडीत एक प्रोग्राम होता. स्टिअरिंग वळतंय का, वेग कसा बदलतोय, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती, हे बघून आपण चाचणीत आहोत की रस्त्यावर हे तो ओळखायचा, आणि चाचणीपुरता सभ्य वागायचा. १८ सप्टेंबर २०१५ रोजी पर्यावरण संस्थेने नोटीस काढली. सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्या. पुढच्या जूनमध्ये १४.७ अब्ज डॉलरची तडजोड.

यातून मी एक धडा घेतला. वर्ग हा दावा असतो. तो दावा रस्त्यावर तपासणारं कुणीतरी असावं लागतं, आणि त्याला पगार द्यावा लागतो.

म्हणूनच २०२५ साली जे झालं ते मला अस्वस्थ करतं. १२ जून २०२५ रोजी अध्यक्षांच्या सहीने कॅलिफोर्नियाच्या तीन नव्या नियमांच्या परवानग्या रद्द झाल्या. कॅलिफोर्निया आणि आणखी दहा राज्यं त्याच दिवशी न्यायालयात गेली. ४ जुलैच्या कायद्याने मायलेजची मर्यादा मोडल्याचा दंड शून्यावर आणला. मर्यादा पुस्तकात, दंड शून्य. आणि २९ जुलैला पर्यावरण संस्थेनेच, २००९ साली स्वतः काढलेला 'हरितगृह वायू आरोग्याला घातक आहेत' हा निष्कर्ष मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. धूर तोच आहे. त्याला दिलेलं नाव बदलायला घेतलं. सत्तर वर्षांपूर्वी हागेन-स्मिटनी हवेतली द्रव्यं मोजून उत्तर काढलं होतं. मोजमाप सोडून नावांवर कारभार चालवला, तर आपण पुन्हा कुठल्या तरी कारखान्यावर संशय घेत बसू.

•

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय, असं पुण्या-नाशिकात बसून म्हणू नका.

२००६ च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारने छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. कर कमी. दोन वर्षांत आपल्या पुण्याच्या टाटांनी इंडिगो सीएस आणली, डिकी आखडून चार मीटरच्या आत बसवलेली. मग इतरही तसंच करू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही हीच मापं कायम राहिली: आत बसली तर १८ टक्के, बाहेर राहिली तर ४०. अमेरिकेत कडक नियम चुकवायला गाडीचं पोट उचललं. आपल्याकडे कर वाचवायला शेपूट कापलं. धूर कुठेच मोजला नाही. सरकार फूटपट्टी लावून कर घेणार असेल तर कारखाना फूटपट्टीलाच उत्तर देईल. कर धुराच्या आकड्यावर लावा, मग तो आकड्याला उत्तर देईल.

आपल्याकडे शिकून घेण्याची ताकद आहे. फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आल्यावर पुण्यात वेताळ टेकडीच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेने इथल्या गाड्या तपासल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने तीन लाखांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. १ एप्रिल २०२० ला देश बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेला, पाचवी पायरी गाळून. इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं. एप्रिल २०२३ पासून गाडीची प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणीही नियमात आली. हे मोठं काम आहे.

आणि आता एक कागद तुमच्याही काचेवर आहे. नव्या नंबर प्लेटसोबत समोरच्या काचेला आतून चिकटवलेलं ते स्टिकर. पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी, बीएस-६ असेल तर वर हिरवी पट्टी. वाचा ते. जुनी गाडी घेताना तर आधी तेच वाचा.

गेल्या हिवाळ्यात मी पुण्यात होते. दादाच्या गाडीची पीयूसी संपली होती. एका ठिकाणी थांबलो. तिथल्या मुलाने नंबर प्लेटचा फोटो काढला, संगणकावर काही टिपलं आणि छापलेला कागद काढायला वळला. धूर मोजायची नळी टेबलाखाली गुंडाळून पडलेली होती.

मी म्हणाले, "अरे, नळी घाल की."

त्याने दादाकडे पाहिलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मागे दोन रिक्षा उभ्या होत्या.

"घाल बाबा," दादा म्हणाला. "ती अमेरिकेहून आली आहे, ऐकायची नाही."

मुलाने नळी उलगडली, पुसली, सायलेन्सरमध्ये सरकवली. पडद्यावर आकडे हलले, थांबले. दोन मिनिटं लागली. पैसे तेवढेच पडले. गाडी पास झाली.

दादाने कागद घेतला आणि नेहमीच्या सवयीने खिशात घालायला गेला. मग थांबला. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि त्यावरचा आकडा वाचू लागला.